नाकाच्या मोजपट्टीला उत्तर देणारे डॉ. घुर्ये

रेडी : सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, गोव्याच्या सीमेलगत वसलेले रेडी हे गाव आज यशवंतगड आणि लोहखनिजाच्या खाणी यांसाठी ओळखले जाते. चालुक्यांच्या इ. स. ६३४ च्या ऐहोळे शिलालेखात रेवतीद्वीप जिंकल्याचा उल्लेख आहे. ते रेवतीद्वीप म्हणजेच आजचे रेडी, असे अनेक इतिहासकार मानतात. तेव्हापासून या किनाऱ्याने अनेक राजवटी पाहिल्या. विजापूरकर आले, मराठे आले, सावंतवाडीकरांचा अंमल झाला, पोर्तुगीज व इंग्रज आले. त्यांच्याबरोबर व्यापारी, खलाशी, सैनिक आणि देशोधडीला लागलेली कुटुंबे आली, काही परतली, काही इथलीच झाली.

अशा किनाऱ्यावरच्या माणसाचा वंश कोणता आणि समाजात त्याची पायरी कितवी, हे त्याच्या नाकाची लांबी-रुंदी मोजून सांगता येते, अशी सव्वाशे वर्षांपूर्वी ब्रिटिश सरकारच्या जाणत्या अधिकाऱ्यांची खात्री होती. त्या खात्रीला आकड्यांच्याच भाषेत उत्तर देणारा अभ्यासक याच किनाऱ्याने दिला. रेडीच्या उत्तरेस, मालवण येथे १२ डिसेंबर १८९३ रोजी जन्मलेले डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये हे भारतीय समाजशास्त्राचे एक संस्थापक म्हणून ओळखले जातात. त्यांच्या पत्नीचे माहेरही रेडी ज्या तालुक्यात मोडते त्या वेंगुर्ल्याचेच. मात्र वंशशास्त्राच्या इतिहासात त्यांनी बजावलेली कामगिरी समाजशास्त्राच्या वर्गाबाहेर फारशी पोहोचलेली नाही.

रिस्ले यांची मोजपट्टी

घुर्ये यांचे कार्य समजण्यासाठी आधी हर्बर्ट रिस्ले यांची ओळख करून घ्यावी लागते. रिस्ले १८७३ मध्ये सनदी अधिकारी म्हणून बंगालमध्ये रुजू झाले. फ्रेंच मानवशास्त्रज्ञ पॉल तोपिनार यांच्या मानवमितीच्या पद्धती त्यांनी भारतात आणल्या. कॅलिपरने डोके, नाक, चेहरा आणि उंची मोजायची, त्यांची सरासरी काढायची आणि तीवरून वंश ठरवायचा, अशी ही पद्धत होती. घुर्ये यांच्या जन्माच्या दोनच वर्षे आधी, १८९१ मध्ये, रिस्ले यांचा बंगालमधील जाती-जमातींवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला होता.

रिस्ले यांचा सर्वाधिक विश्वास नासिका निर्देशांकावर होता. नाकाच्या रुंदीला लांबीने भागून शंभराने गुणले की हा आकडा मिळतो. नाक ५० मिलिमीटर लांब आणि ३५ मिलिमीटर रुंद असेल, तर निर्देशांक ७० होतो. सत्तरच्या खाली अरुंद नाक, सत्तर ते पंच्याऐंशी मध्यम आणि त्यापुढे रुंद, अशी विभागणी होती. बंगाल, बिहार व संयुक्त प्रांतातील आकडे पाहून रिस्ले यांनी एक नियमच मांडला. जातीच्या नाकाची सरासरी रुंदी जितकी कमी, तितका त्या जातीचा सामाजिक दर्जा वरचा. त्यांच्या मते अरुंद नाकाचे गोरे आर्य बाहेरून आले, त्यांनी रुंद नाकाच्या मूळ रहिवाशांना जिंकले आणि आपले रक्त शुद्ध राखण्यासाठी विवाहबंधने घातली. जातिव्यवस्था म्हणजे या वंशभेदाचीच गोठलेली आकृती, असा याचा अर्थ होता.

हे केवळ ग्रंथालयातील पांडित्य नव्हते. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त रिस्ले हेच होते. त्या जनगणनेत जातींची नोंद सामाजिक श्रेष्ठतेच्या क्रमाने करण्याचे त्यांनी ठरविले. परिणामी आपला क्रम वर लावावा, अशी मागणी करणाऱ्या अर्जांचा जातसंस्थांकडून पाऊस पडला. १९०८ मध्ये ‘द पीपल ऑफ इंडिया’ या ग्रंथात त्यांनी भारतीयांचे सात शारीरिक प्रकार सांगितले. महाराष्ट्रातील ब्राह्मण आणि कुणबी हे दोघेही त्यांनी ‘शक-द्रविड’ या एकाच गटात टाकले होते. मध्य आशियातील शकांचे रक्त येथे मिसळल्यामुळे इकडच्या लोकांची डोकी रुंद झाली, असे त्याचे स्पष्टीकरण होते. शक आणि मराठी समाज यांच्यातील नात्याचा ठोस ऐतिहासिक पुरावा त्यामागे नव्हता.

या सिद्धांताचा व्यावहारिक परिणाम गंभीर होता. जात ही रूढी असेल, तर ती बदलता येते. जात हाडात असेल, तर सुधारकांचे सारे प्रयत्न निसर्गाविरुद्ध ठरतात. शिवाय गोऱ्या जेत्यांनी सावळ्या जितांवर राज्य करणे हा इतिहासाचा जुनाच क्रम असल्याचे भासवून ब्रिटिश राजवटीलाही त्याचा आधार मिळत होता.

मालवण ते केंब्रिज

घुर्ये यांचा जन्म सारस्वत ब्राह्मण कुटुंबात झाला. त्यांचे शालेय शिक्षण मुंबईत गिरगावात आणि नंतर जुनागढ येथे झाले. तेथील बहाउद्दीन महाविद्यालयात वर्षभर काढून ते मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात दाखल झाले. विषय संस्कृत होता. बी. ए. ला त्यांनी भाऊ दाजी पारितोषिक मिळविले, तर एम. ए. ला कुलपतींचे सुवर्णपदक. धर्मशास्त्रे, गृह्यसूत्रे आणि महाकाव्ये यांचा तेव्हा झालेला अभ्यास त्यांना आयुष्यभर पुरला.

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र विभाग सुरू झाला. त्याचे पहिले प्रमुख स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी परदेशी शिक्षणासाठी या संस्कृत पदवीधराची निवड केली. लंडनमध्ये काही काळ काढून घुर्ये केंब्रिजला डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांच्याकडे गेले. निलगिरीतील तोडा जमातीवर ग्रंथ लिहिणारे रिव्हर्स हे त्या काळातील अग्रगण्य मानवशास्त्रज्ञ होते. जून १९२२ मध्ये रिव्हर्स यांचे अकस्मात निधन झाले आणि घुर्ये यांनी ए. सी. हॅडन यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच. डी. पूर्ण केली. शरीराची मापे घेणे हा त्या काळातील केंब्रिजच्या मानवशास्त्राचा नित्याचा भाग होता. म्हणजे रिस्ले यांच्या हातातील हत्यार कसे चालते, हे घुर्ये त्याच परंपरेत शिकले.

भारतात परतल्यावर १९२४ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठातील समाजशास्त्र विभागाची सूत्रे हाती घेतली आणि १९५९ मध्ये निवृत्त होईपर्यंत ती सांभाळली.

आकड्यांची फेरतपासणी

१९३२ मध्ये लंडनहून ‘कास्ट अँड रेस इन इंडिया’ हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातील वंश आणि जात यांवरील प्रकरणात घुर्ये यांनी रिस्ले यांचा सिद्धांत तपासला. देशाभिमान दुखावला म्हणून त्यांनी तो नाकारला नाही. सरकारी मोहिमांतून जमा झालेली मापेच त्यांनी समोर घेतली आणि प्रांताप्रांतांत ती वेगळी करून लावली. केवळ नाकावर विसंबून न राहता अनेक मापांची एकत्र तुलना करून कोणती जात कोणत्या जातीला शरीराने किती जवळची आहे, हे त्यांनी काढले.

निष्कर्ष रिस्ले यांच्या नियमाला छेद देणारे निघाले. संयुक्त प्रांतात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशात, सामाजिक क्रम आणि नाकाचा क्रम बऱ्याच अंशी जुळत होता. पण तेथील ब्राह्मणाची पंजाबशी तुलना केल्यावर वेगळेच चित्र दिसले. संयुक्त प्रांताचा ब्राह्मण हा अगदी वरच्या क्षत्रियांचा अपवाद वगळता स्वतःच्या प्रांतातील इतर जातींपेक्षा पंजाबातील खत्री आणि चुहडा यांना शरीराने अधिक जवळचा होता. चुहडा ही पंजाबात अस्पृश्य मानलेली जात. नाकावरून सामाजिक पायरी ठरत असती, तर असे घडणे शक्य नव्हते.

मुंबई इलाख्याचे आकडे मराठी वाचकांना अधिक विचार करायला लावणारे आहेत. देशस्थ ब्राह्मण मध्यभागी धरून घुर्ये यांनी इतर जातींचे अंतर पाहिले. देशस्थ हा चित्पावनाला जितका जवळचा, तितकाच तो मासेमारी करणाऱ्या सोनकोळ्यालाही जवळचा निघाला. त्यानंतर महार आणि कुणबी आले. त्यांच्याही नंतर शेणवी, मग गुजरातचे नागर ब्राह्मण आणि शेवटी उच्चकुलीन मराठे असा क्रम लागला. शेणवी म्हणजे सारस्वत. स्वतः घुर्ये ज्या समाजात जन्मले, तो या तक्त्यात महार आणि कुणबी यांच्या पुढे, देशस्थांपासून अधिक दूर होता. मुंबई इलाख्यात सामाजिक श्रेणी आणि शारीरिक भेद यांचा काहीही मेळ बसत नाही, असा निर्वाळा घुर्ये यांनी दिला.

या गणिताचा अर्थ साधा आहे. एका भाषेच्या, एका प्रदेशाच्या लोकांत जात कोणतीही असली तरी शारीरिक साम्य पुष्कळ असते, आणि दोन प्रांतांतील ब्राह्मण नावाने एक असले तरी शरीराने एक नसतात. त्यामुळे जातीचा प्रसार रक्तातून नव्हे, तर रूढी, विधी आणि पुरोहितवर्गाचे वर्चस्व यांतून झाला, असे घुर्ये यांनी प्रतिपादन केले. जनगणनेत जातींचे क्रम लावण्याच्या ब्रिटिश धोरणाने जातिभावना अधिक कडवी केली, अशी टीकाही त्यांनी याच ग्रंथात केली.

पुढच्याच वर्षी, १९३३ मध्ये, संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनीही बंगालसंबंधीच्या रिस्ले यांच्या आकडेवारीची फेरतपासणी प्रसिद्ध केली. परदेशात या दिशेने आधीच पाऊल पडले होते. अमेरिकेतील मानवशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांनी १९११ च्या सुमारास स्थलांतरित कुटुंबांची मापे घेऊन असे दाखविले होते, की अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या डोक्याचा आकार आईवडिलांपेक्षा वेगळा असू शकतो. वंशाची अढळ खूण मानली गेलेली कवटी एका पिढीतच बदलत होती.

बर्लिनमधील कवट्या

घुर्ये यांच्या हाताखाली तयार झालेल्या विद्यार्थ्यांपैकी एका विद्यार्थिनीला या शास्त्राचा चेहरा अगदी जवळून पाहावा लागला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेतलेल्या इरावती कर्वे यांनी मुंबईत घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली चित्पावन ब्राह्मणांवर प्रबंध लिहिला आणि १९२८ मध्ये त्या जर्मनीला गेल्या. बर्लिनच्या कैसर विल्हेल्म संस्थेत मानवशास्त्र, आनुवंशिकता व सुप्रजननशास्त्र यांचा अभ्यास चाले. संस्थेचे संचालक ऑयगेन फिशर हे त्यांचे मार्गदर्शक होते.

फिशर यांनी १९०८ मध्ये जर्मनीच्या नैर्ऋत्य आफ्रिकेतील वसाहतीत युरोपीय पुरुष व स्थानिक स्त्रिया यांच्या वंशजांचा अभ्यास करून वंशमिश्रणाविरुद्ध मत मांडले होते. कवटीच्या उजव्या-डाव्या बाजूंतील असमानतेचा वंशाशी संबंध आहे आणि त्यात गोऱ्या युरोपीयांचे बौद्धिक श्रेष्ठत्व दिसून येईल, अशी त्यांची कल्पना होती. इरावतीबाईंकडे हाच विषय आला. जर्मनीतील तसेच जर्मनीच्या माजी वसाहतींतून आणलेल्या १४९ कवट्या त्यांनी मोजल्या. कवट्यांत असमानता होती, पण तिचा वंशाशी संबंध नव्हता. मार्गदर्शकाची अपेक्षा काय आहे हे ठाऊक असताना पंचविशीही न गाठलेल्या या मराठी विद्यार्थिनीने प्रबंधात तसेच नमूद केले. डॉक्टरेट मिळाली, श्रेणी मात्र वरची मिळाली नाही.

१९३० मध्ये त्या भारतात परतल्या. तीन वर्षांनी जर्मनीत हिटलरची सत्ता आली आणि फिशर बर्लिन विद्यापीठाचे रेक्टर झाले. १९३५ मध्ये न्यूरेम्बर्गचे वंशकायदे आले. ज्या विद्येने भारतात जनगणनेचे तक्ते भरले, तिच्याच युरोपातील शाखेने पुढे नसबंदीच्या आणि मृत्यूच्या याद्या तयार करण्यास हातभार लावला.

इरावतीबाई मापे घेणे थांबल्या नाहीत. महाराष्ट्रातील शरीरमापनावरील त्यांचा व वि. म. दांडेकर यांचा ग्रंथ १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच नावाच्या जातीतील पोटगटही शरीराने एकमेकांपासून भिन्न असू शकतात, हे दाखवून त्यांनी आपल्या गुरूच्या काही मतांनाही आव्हान दिले. एकाच समूहाचे तुकडे होऊन जाती बनल्या, हे घुर्ये यांचे मत त्यांना मान्य नव्हते. मुळातच वेगवेगळे असलेले गट शेजारी नांदत राहिले, असे त्यांचे म्हणणे होते.

आंबेडकरांच्या युक्तिवादात

घुर्ये यांच्या तक्त्यांचा सर्वांत परिणामकारक वापर केला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी. त्यांचे मूळ गाव कोकणातलेच, मंडणगड तालुक्यातील आंबडवे. जात म्हणजे वंश नव्हे, ही भूमिका त्यांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधातच घेतली होती. १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात अस्पृश्यता वंशभेदातून आली का, या प्रश्नाला त्यांनी स्वतंत्र प्रकरण दिले आणि तेथे घुर्ये यांच्या मापांचा आधार घेतला. ब्राह्मण आणि अस्पृश्य यांची मापे एकमेकांना इतकी जवळची असतील, तर दोघांचा वंश एकच मानावा लागतो. ब्राह्मण आर्य असतील तर अस्पृश्यही आर्य, ब्राह्मण द्रविड असतील तर अस्पृश्यही द्रविड. अशा रीतीने अस्पृश्यतेचा नैसर्गिक आधारच त्यांनी काढून घेतला.

या योगायोगाला एक किनार आहे. जातवार राखीव प्रतिनिधित्वाविषयी घुर्ये यांनी आपल्या ग्रंथात नापसंती दर्शविली होती. राजकीय उपायांबाबत दोघांच्या वाटा वेगळ्या होत्या. तरीही एका सारस्वत प्राध्यापकाने जुळविलेले आकडे अस्पृश्यांच्या नेत्याला उपयोगी पडले.

अर्धी राहिलेली वाट

घुर्ये यांनी वंशाची कल्पना पूर्णपणे टाकून दिली, असे मात्र म्हणता येत नाही. संयुक्त प्रांतातील आकडे जुळतात, एवढ्यावरून गंगेच्या खोऱ्यातील ब्राह्मण हे आर्य आगंतुकांचे वंशज आणि जातीचा उगम तेथेच, हे त्यांनी मान्य केले. भारतीयांचे सहा शारीरिक प्रकारही त्यांनी सांगितले. रिस्ले यांचे सात खाने चुकीचे ठरविणाऱ्या अभ्यासकाने स्वतःचे सहा खाने केले. माणसांचे असे खाने पाडता येतात का, हा प्रश्न त्या पिढीतील फार थोड्यांना पडला होता.

आदिवासींविषयीच्या त्यांच्या भूमिकेवरही टीका झाली. १९४३ मध्ये व्हेरियर एल्विन यांच्याशी झालेल्या वादात आदिवासी म्हणजे मागास राहिलेले हिंदू होत, असे मत घुर्ये यांनी मांडले. आदिवासींना वेगळा वंश समजून अलग ठेवण्यास त्यांचा विरोध होता, पण त्यामुळे त्यांच्या स्वतंत्र संस्कृतीकडे दुर्लक्ष झाले, असे टीकाकारांचे म्हणणे आहे. राष्ट्रीय एकात्मतेचा ध्यास हे त्यांच्या संशोधनाचे बळ होते आणि मर्यादाही होती.

अध्यापक म्हणून मात्र त्यांनी मतभेदांना वाव दिला. एम. एन. श्रीनिवास, ए. आर. देसाई, के. एम. कापडिया, विलास संगवे, य. भा. दामले असे परस्परांहून भिन्न विचारांचे अभ्यासक त्यांच्या विभागातून बाहेर पडले. सुमारे ८० विद्यार्थ्यांनी त्यांच्या मार्गदर्शनाखाली प्रबंध पूर्ण केले. १९५१ मध्ये भारतीय समाजशास्त्र परिषदेची स्थापना करण्यात त्यांनी पुढाकार घेतला आणि दुसऱ्याच वर्षी ‘सोशिऑलॉजिकल बुलेटिन’ हे नियतकालिक सुरू झाले. साधू, वेशभूषा, महादेव कोळी, राजपूत वास्तुकला अशा विविध विषयांवर ते निवृत्तीनंतरही लिहीत राहिले. जातीवरील ग्रंथाच्या नव्या आवृत्त्यांत ते भर घालत राहिले. २८ डिसेंबर १९८३ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

मोजपट्टीनंतर

युनेस्कोने १९५० मध्ये वंशविषयक निवेदन काढून वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनेला शास्त्रीय आधार नसल्याचे जाहीर केले. त्यानंतरच्या आनुवंशिकीने नाक व कवटी यांचे वर्चस्व संपविले. कोणत्याही दोन माणसांतील जनुकीय साम्य सुमारे ९९.९ टक्के असते. उरलेला फरकही वंशाच्या सीमारेषा पाळत नाही. भारतीय समूहांवरील २०१३ च्या एका महत्त्वाच्या संशोधनानुसार सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी येथील जवळपास सर्व समूहांत मोठ्या प्रमाणावर मिश्रण झाले. जातीअंतर्गत विवाहाची बंधने त्यानंतर घट्ट झाली. म्हणजे ज्यांना मुळापासून वेगळे मानले गेले, ते आधी मिसळले होते आणि वेगळे नंतर केले गेले.

तरीही वधू-वरांच्या जाहिरातींत गोरा वर्ण आणि सरळ नाक आजही मागितले जाते, आणि एखाद्या समाजाच्या डोळ्यांच्या रंगावरून त्याचे पूर्वज समुद्रापलीकडून आले असावेत, अशा गप्पा शहरातील सुशिक्षित घरांतही रंगतात. अशा गप्पांना देण्याजोगे उत्तर घुर्ये यांच्या १९३२ च्या तक्त्यात आहे. त्यात देशस्थाच्या शेजारी सोनकोळी उभा आहे, महार आणि कुणबी एकाच पायरीवर आहेत आणि ग्रंथकर्त्याची स्वतःची जात त्यांच्या पलीकडे आहे. ही सारी मापे ब्रिटिश अमदानीतच गोळा झाली होती. ती नीट वाचण्याचे काम मालवणच्या एका संस्कृत पदवीधराने केले.